पाचवी मोसंबी

नाव : श्री. कडुबा आसाराम कचकुरे. वय : सत्तेचाळीस. राहणार : मौजे शेंद्रा, जि. छत्रपती संभाजीनगर. शिक्षण : आयटीआय, फिटर. पद : सहायक सुविधादाता, नवनिर्मिती कक्ष व सहशालेय उपक्रम. कर्तव्ये : एक, विद्यार्थ्यांच्या कल्पकतेस पोषक वातावरण निर्माण करणे. दोन, अवजारांची सुरक्षित हाताळणी दाखवणे. तीन, कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्याच्या प्रकल्पास स्वतःचा हात न लावणे. शेरा : सदर कर्मचारी तिन्ही कर्तव्ये समाधानकारकरीत्या पार पाडत असून, तिसरे विशेषत्वाने.

हा उतारा ब्लू स्प्रूस इंटरनॅशनल अकॅडमीच्या फायलीतला आहे. स्प्रूस हे थंड मुलखातलं झाड. जालना रोडला मे महिन्यात डांबर मऊ होतं, म्हणून शाळेने अंगणात अशोक लावले आणि फाटकावर चित्र स्प्रूसचं ठेवलं. शाळेचं नाव आसपासच्या कुणाच्या जिभेवर बसलं नाही. अभ्यासक्रम कॅनडातल्या एका प्रांताचा असल्याचं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत सगळे तिला कॅनडाच म्हणतात. 'कॅनडाला सोडा' म्हटलं की शेअर रिक्षा बरोबर फाटकाशी थांबते.

अभ्यासापेक्षा उपक्रमांवर या शाळेचा भर. आइस हॉकी आहे, ती फरशीवर चाकांच्या बुटांनी खेळतात. कनू क्लब आहे, म्हणजे होडी वल्हवण्याचं मंडळ. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेव्हा मुलं सतरंजीवर एकामागे एक बसतात आणि हवेत वल्ही मारतात. त्यात गेल्या वर्षी दोघांना पदकंही मिळाली. आणि आठवीला असतो वार्षिक प्रकल्प. बारा आठवडे एका प्रश्नाच्या मागे लागायचं, स्वतःच्या हाताने काहीतरी बनवायचं, ते का चालत नाही हे वहीत लिहायचं, आणि शेवटी कॅनडाहून तपासणीला येणाऱ्या बाईंसमोर उभं राहायचं. शाळेची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्या बाई ठरवतात.

कडुबा या शाळेत आला त्याआधी बावीस वर्षं तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. टूलरूम म्हणजे कारखान्याच्या पोटातला छोटा कारखाना. तिथे विकायचा माल बनत नाही, माल बनवणाऱ्या यंत्रांचे साचे आणि पकडी बनतात. तिथे केसाएवढा फरक म्हणजे गुन्हा. त्याचे उस्ताद रशीदभाई. त्यांनी कडुबाला पहिल्या वर्षी फक्त लोखंड घासायची कानस धरायला शिकवली आणि दुसऱ्या वर्षी ती कधी खाली ठेवायची ते. घासलेल्या लोखंडावर काटकोनी गुण्या उभा धरायचा, तो खिडकीकडे करायचा आणि मधून उजेड येतो का बघायचं. उजेड आला की पुन्हा घास. काम पुरं झालं की ते उलटं करायचं आणि तळाला आपला टोकन नंबर ठोकायचा. कडुबाचा नंबर सदतीस. तीनचा ठसा, हातोडी, ठक. सातचा ठसा, हातोडी, ठक. "नंबर मारा, तो जिम्मा तेरा," रशीदभाई म्हणायचे. माल तपासणीत नापास झाला तर कुणाचा, हे विचारावं लागत नसे.

मग कंपनीने टूलरूम दुसऱ्या राज्यात नेली. कामगारांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कडुबाने टेबलाच्या खणातले तीन आणि सात हे दोन ठसे खिशात घातले. बावीस वर्षांत कंपनीतून न सांगता घरी आणलेली वस्तू एवढीच.

त्यानंतरचे सहा महिने शेंद्र्याला अजून आठवतात. कडुबाचे हात मोकळे होते आणि ते कुठेच ठरत नव्हते. त्याने गल्लीतल्या प्रत्येक फाटकाची बिजागरी काढून बसवली. देवळाच्या घंटेचा लोळा काढून त्याचं वजन कमी केलं, तेव्हापासून ती वेगळी वाजते. मेहुणीच्या साखरपुड्यात नवरीच्या ओटीत नारळ पडत असताना हा खुर्चीवर चढून पंख्याची डुगडुग काढत होता. घरात बसला की हाताचा अंगठा मांडीवर काहीतरी चाचपत राहायचा, अदृश्य कड शोधल्यासारखा.

"अहो, त्या दाराच्या कडीला सोडा की आता," त्याची बायको गीताबाई म्हणायची. "उंदरावानी काय कुरतडताय सकाळधरनं!"

"ढिली हाय."

"लग्नापासून ढिली हाय ती. कुनाचं काय बिघडलं?"

कॅनडात सुतारकाम-लोहारकाम दाखवायला माणूस पाहिजे असं कळलं तेव्हा गीताबाईनेच त्याला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं. नोकरी मिळाली, आणि नोकरासोबत त्याच्या एका मुलाला शाळेत मोफत प्रवेश हा नियम असल्याने धाकटा शिवमही कॅनडात गेला. शाळेत लहानथोर सगळ्यांना 'सर' म्हणायची पद्धत आहे. कडुबा बावीस वर्षं सदतीस होता, तो एका दिवसात कडुबा सर झाला.

आता आठवीच्या प्रकल्पाबद्दल पालकांची समजूत आणि कॅनडाची समजूत यांत थोडा फरक होता. कॅनडाला बारा आठवड्यांची वही बघायची असते. पालकांना शेवटच्या दिवसाचा फोटो. हा फरक कडुबाला पहिल्यांदा समजावून दिला तो तात्यासाहेबांनी. तात्यासाहेब त्याचे भावकीतले, गावचे वजनदार माणूस. शाळेचं हॉकीचं मैदान म्हणजे त्यांचं पूर्वीचं तुरीचं वावर. नातू प्रणय आठवीला होता. एके सकाळी ते बुलेट थेट नवनिर्मिती कक्षाच्या दारात लावून आत आले.

"कडुबा, आपल्या प्रणयचं तेवढं पवनचक्कीचं बघ बरं."

"तात्या, ते त्यानं सवता करायचं असतंय. नियम हाय कॅनडाचा."

"मंग करंल की तो. तू फकस्त बनवून दे, बाकीचं समदं त्याचा तो करतो."

"बाकीचं काय राहतंय मंग?"

तात्यासाहेबांनी जरा विचार केला. "रंग," ते म्हणाले.

"आन् त्या बाईनं वळखलं तर?"

"काय वळखती? हातावर काय नाव लिव्हलेलं असतंय व्हय?"

नाव नव्हतं, हे खरं. कडुबाने पवनचक्की केली. तिचं पातं फुंकरीने फिरायचं. ती बघून दुसऱ्याचा बाप आला, मग तिसऱ्याची आई. वर्गात मुलं बारा. डिसेंबरपर्यंत अकरांचे प्रकल्प कडुबाच्या हातात होते. पुलाचा नमुना, ठिबकचा नमुना, भूकंप मोजायचं यंत्र, अंधाराने पेटणारा दिवा. नियम त्याने आपल्या परीने पाळला. मुलाला समोर स्टुलावर बसवायचा, "हे असं का करायचं, सांग बरं," असं विचारायचा, मुलगा "माहीत नाही सर" म्हणायचा, मग कडुबा करायचा. कल्पकतेस पोषक वातावरण होतंच. खरं म्हणजे त्या तीन महिन्यांत कडुबा फार सुखात होता. घरी कडी ढिली होती, तशीच राहिली.

प्रत्येक प्रकल्प ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेला. पुरा झाला की उलटा. ठक. ठक.

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. जेवण झाल्यावर माणूस हात धुतो, तसं ते.

बारावा प्रकल्प शिवमचा.

शिवम तेरा वर्षांचा. आईसारखा बारीक, बापासारखा गप्प. त्याने मोसंबी निवडायचं यंत्र करायला घेतलं होतं. आजोळी पैठणकडे मोसंबीची बाग. तिथे तोडणीच्या वेळी बाया बसून लहान-मोठी फळं वेगळी करतात, ते त्याने पाहिलेलं. यंत्र साधं होतं. ॲल्युमिनियमच्या दोन उतरत्या पट्ट्या, वरच्या टोकाला जवळ, खाली येता येता एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. वरून मोसंबी सोडली की ती दोन पट्ट्यांवरून घरंगळत जायची, आणि आपल्या मापाची फट आली की खालच्या टोपलीत पडायची. लहान आधी, मोठी नंतर. फक्त एक अडचण होती. चार पडायच्या आणि पाचवी अडकायची. कधी चौथी, कधी सहावी, पण सरासरी पाचवी. अर्धी फटीत, अर्धी वर, ना पडते ना पुढे जाते.

कडुबाला ते दुरूनही बघवत नसे. डावी पट्टी अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, आत होती आणि तिची धारदार कड घासून मोडलेली नव्हती, हे त्याला दारातून दिसायचं. वीस मिनिटांचं काम. रात्री जेवताना तो घास हातात धरून थांबायचा.

"पप्पा, माझ्या यंत्राचा विचार करताय ना?"

"नाय बा."

"करताय. तुमचा अंगठा हलतोय."

कडुबाने अंगठा ताटाखाली घेतला.

"आरं, पट्टी वाकडी हाय तुझी. नीट करून देतो, एक मोसंबी अडकली तर नाव बदल माझं."

"पट्टीचा दोष नाय," शिवम म्हणाला. "मोसंबी गोल नसते."

"मंग काय चौकोनी असतीय?"

"देठाकडून लांबट असते. सरळ आली तर एक माप, आडवी आली तर दुसरं. मी शंभर सोडल्या. एकोणीस अडकल्या. एकोणीसच्या एकोणीस आडव्या आलेल्या." त्याने वही काढली. एकतीस प्रयत्न लिहिलेले, तारखेसह, प्रत्येक फळाचं चित्र काढून. "मला तेच दाखवायचंय बाईंना. यंत्र बनवनारे समजतात फळ गोल असतं. ते नसतं."

गीताबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "म्हंजी तू अडकणारं यंत्र घिऊन उभा राहनार?"

"हो."

"समद्यायची चालनार आन् तुझं अडकनार?"

"हो."

गीताबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा वहीकडे बघत होता. चित्रं चांगली होती, हे त्याला कळत होतं. पण बावीस वर्षांत अडकणारी वस्तू कुणाला दाखवायची असते, हे त्याने ऐकलेलं नव्हतं.

"पप्पा, प्रदर्शन होईस्तोर ह्याला हात लावायचा नाय."

"नाय लावत."

"शपथ घ्या."

"कुनाची?"

शिवमने आईकडे बघितलं, देवाच्या कोनाड्याकडे बघितलं, आणि विचार करून म्हणाला, "रशीदभाईंची."

कडुबाचा चेहरा उतरला. पोरगं बरोबर जागी ठोकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

प्रदर्शन शुक्रवारी. गुरुवारी रंगीत तालीम झाली. शाळेच्या प्रमुख मंजुषा मॅडम टेबलाटेबलावरून फिरल्या. त्या पुण्याच्या, कायम घाईत, आणि गेला आठवडाभर त्यांनी धड जेवण केलं नव्हतं, कारण कॅनडाच्या बाई हॉटेलात उतरल्या होत्या आणि त्यांना नाश्त्याला काय आवडतं ते कुणालाच कळत नव्हतं. पवनचक्की फिरली. दिवा पेटला. पूल हलला नाही. मग शिवमचं टेबल. एक, दोन, तीन, चार. पाचवी अडकली.

"कडुबा सर," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांची यंत्रं चालतायत आणि तुमच्याच मुलाचं अडकतंय. बघून घ्या ना जरा."

"मॅडम, त्याला हात लावायचा न्हाई. तिसरं कर्तव्य."

मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्या कागदाचा उल्लेख त्याने शाळेच्या आवारात करायला नको होता. "मी लावा म्हटलं का?" त्या म्हणाल्या. "मी बघा म्हटलं."

"मॅडम, ते अडकायलाच पाहिजे," शिवम मधेच म्हणाला. "त्यावरच माझं बोलणं आहे."

"खूप छान, शिवम," मॅडम म्हणाल्या. शाळेत कोणत्याही गोष्टीला आधी 'खूप छान' म्हणायची पद्धत होती. "पण एकदा अडकव. दोनदा नको."

शुक्रवारी सकाळी सात वाजता कडुबाने नवनिर्मिती कक्ष उघडला. मुलं साडेआठला येणार. झाडून झालं. टेबलांवर निळं कापड अंथरून झालं, ते त्यानेच गुलमंडीवरून आणलेलं. अकरा यंत्रं जागेवर. त्यांच्यात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्याने पवनचक्कीच्या पात्याला फुंकर मारली, ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. त्याला वैताग आला. सव्वासात. खिडकीतून उजेड आत येऊन शिवमच्या टेबलावर पडला होता. डावी पट्टी त्या उजेडात उघड खोटं बोलत होती.

तो बाहेर जाऊन अशोकाखाली उभा राहिला. हात पाठीमागे बांधले. आत आला. खुर्चीवर बसला. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्याने पुठ्ठा घातला. साडेसात. नुसतं बोट फिरवून बघावं, बोट म्हणजे काही हात नव्हे. त्याने बोट फिरवलं. कड बोटाला चावली. पोरांच्या हाताला लागेल, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार खरा होता, म्हणून पुढचं सोपं झालं. अवजारांची सुरक्षित हाताळणी हे कर्तव्य क्रमांक दोन. त्याने बारीक कानस घेतली आणि कड मोडली. कड मोडल्यावर पट्टीचा वाकडेपणा जास्तच दिसायला लागला. तिचा स्क्रू ढिला केला, अर्धा सूत बाहेर घेतली. स्क्रू नीट आवळायचा तर नट खालच्या बाजूने धरावा लागत होता, म्हणून यंत्र उलटं केलं. पुढचं हातांनी केलं. ते करत असताना तो काय विचार करत होता असं विचाराल, तर रशीदभाईंचा नक्कीच नाही.

आठला दहा कमी असताना त्याने एक मोसंबी सोडली. पडली. दुसरी. पडली. वीस सोडल्या. वीसच्या वीस पडल्या, आपापल्या टोपलीत, एका मापाच्या आवाजाने. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याचा अंगठा स्वस्थ होता. तो शांतपणा अंदाजे चार मिनिटं टिकला. मग त्याला आपण काय केलं ते कळलं. पट्टी पुन्हा आत ढकलायला त्याने हात पुढे केला, पण तिचा मूळचा वाकडेपणा त्याला जमेना. तसं चुकीचं बसवायला त्याचा हात तयारच नव्हता. त्या खटपटीत साडेआठ झाले आणि फाटकावर मुलांची रिक्षा थांबली.

कॅनडाच्या बाई उंच, पिकल्या केसांच्या. पायात चालायचे बूट, हातात पेन्सिल. त्यांनी प्रत्येक मुलाची वही आधी मागितली. प्रणयच्या वहीत रंगांबद्दल माहिती होती. बाईंनी ती बराच वेळ वाचली. मग पवनचक्कीची बॅटरी कुठे आहे ते बघायला त्यांनी पत्रा उलटा केला. थांबल्या. शेजारचा पूल उलटा केला. मग ठिबक. तात्यासाहेब फोटो काढायला मोबाइल धरून उभे होते, त्यांनी तो खाली घेतला. बाईंनी मंजुषा मॅडमना इंग्रजीत विचारलं की सगळ्यांच्या खाली हा सदतीस आकडा कसला.

कक्षात बारा मुलं, नऊ पालक. त्यातल्या पालकांना आकड्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. कडुबा पत्र्याकडे वाकून बघत होता. त्याला स्वतःलाही तो आकडा आत्ताच दिसत होता.

मंजुषा मॅडमना तिसऱ्या सेकंदाला सुचलं. आठवडाभर न जेवता माणसाला इतकं सुचावं, हे कौतुकास्पदच. त्या म्हणाल्या की शाळेची ही गुणवत्ता तपासणी आहे. विद्यार्थ्याने प्रकल्प पुरा केला की कडुबा सर तो तपासतात आणि पास झाला तरच आपला क्रमांक उमटवतात. भारतीय कारखान्यांतली जुनी परंपरा, शिक्षणात आणलेली.

बाईंनी भुवया वर केल्या. मग पेन्सिलीने बरंच काही लिहिलं. "फार चांगली गोष्ट आहे," असं त्या म्हणाल्याचं मॅडमनी सगळ्यांसाठी मराठीत सांगितलं. तात्यासाहेबांनी मोबाइल पुन्हा वर घेतला.

मॅडम मागे सरकत कडुबापाशी आल्या. "शिवमच्या खाली आहे ना तो?"

"न्हाई मॅडम."

"अहो, नाही कसा? आता नसला तर तो नापास ठरेल!"

"नसू द्या मॅडम," कडुबा म्हणाला. "त्याला म्या हात लावला न्हाई." आणि म्हणता म्हणताच सकाळी नट धरायला यंत्र उलटं केलेलं त्याला आठवलं.

शिवमचं टेबल शेवटचं. बाईंनी त्याची वही उघडली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. पानं उलटत राहिल्या. एका चित्रापाशी हसल्या. शिवमने बोलायला सुरुवात केली. त्याचं इंग्रजी साधं आणि घडी केलेल्या कपड्यासारखं होतं. तो म्हणाला की हे यंत्र दर पाचव्या फळाला अडकतं, ते का अडकतं हे मी आता दाखवतो. त्याने एक सोडली. पडली. चौथीपर्यंत तो फळांकडे न बघता बाईंकडे बघून बोलत होता. पाचवी सोडली आणि हात मधेच धरला, ती जिथे अडकायची तिथे बोट दाखवायला.

पाचवी पडली.

त्याने सहावी सोडली. सातवी. दहावी मुद्दाम आडवी धरून सोडली. पडली. टोपली भरत आली. मुलं टाळ्या वाजवायला लागली, कारण यंत्र चांगलं चालत होतं. शिवमचं बोट तसंच पट्टीवर टेकलेलं. मग त्याने ते कडेवरून हळूच फिरवलं, वरून खालपर्यंत. कड गुळगुळीत होती. त्याने बापाकडे बघितलं नाही. यंत्र उचललं आणि स्वतःच उलटं केलं.

सदतीस. दोन्ही आकडे सरळ रेषेत, सारख्या खोलीचे.

"थँक गॉड," मंजुषा मॅडम कडुबाच्या कानाशी म्हणाल्या.

बाईंनी विचारलं की मग फळ अडकत का नाही. शिवमने यंत्र सुलटं करून ठेवलं. मग म्हणाला, "मला माहीत नाही." त्या दिवशी त्या कक्षात हे वाक्य बऱ्याच मुलांनी म्हटलं होतं, पण शिवमने पहिल्यांदाच.

घरी जाताना रोज तो मोटारसायकलवर मागे बसून बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकायचा आणि दिवसभराचं सांगायचा. त्या दिवशी त्याने सीटमागची नळी धरली. यंत्र मांडीवर. कडुबाने तोंड उघडलं ते एमआयडीसीच्या कमानीपाशी.

"शिवम. आरं, ते अडकत व्हतं म्हनून…"

"ते अडकत व्हतं म्हनूनच तर मी तिथं उभा व्हतो, पप्पा."

पुढे गतिरोधक होता. कडुबाने गाडी इतकी हळू घेतली की ती बंद पडली.

"काय झालं प्रदर्शनाचं?" गीताबाईने दारातच विचारलं.

"पास," कडुबा म्हणाला.

"मंग दोघांची तोंडं अशी काहून?"

शिवम आत गेला. रात्रीचं जेवण त्याने केलं, अभ्यास केला, बापाने विचारलं त्याला 'हो' आणि 'नाय' अशी उत्तरंही दिली. भांडण झालं असतं तर कडुबाला काहीतरी करता आलं असतं. ढिलं असतं ते आवळता येतं. रविवारी तो किराडपुऱ्यात रशीदभाईंकडे गेला आणि शपथ मोडल्याचं सांगून आला. रशीदभाईंना आता कमी ऐकू येतं. त्यांनी सगळं दोनदा वदवून घेतलं.

"नंबर मारा?"

"मारा, उस्ताद."

"फिर क्या पूछता है," म्हातारा म्हणाला आणि चहा सांगितला.

कडुबाने वही बघितली ती त्यानंतर, शिवम क्लासला गेलेला असताना. त्यात एक नोंद वाढली होती. प्रयत्न बत्तीस. फळं : पंधरा. अडकलेली : शून्य. आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द : वडील.

महिन्याने कॅनडाचा अहवाल आला. मान्यता पाच वर्षांनी वाढली. अहवालात आणखी एक वाक्य होतं, शिवमची वही सर्वांत चांगली असल्याचं. ते परिपत्रकात घ्यायचं राहून गेलं. गुणवत्ता तपासणीच्या परंपरेचं कौतुक मात्र दोन परिच्छेद होतं, तेव्हा ती परंपरा सुरू करणं भाग पडलं. 'सदतीस कलमी गुणवत्ता पद्धती' असं नाव ठरलं. सदतीस कलमं लिहून काढायला शिक्षकांना दोन शनिवार लागले. तेहतीसपर्यंत गाडी आली, उरलेल्या चारांत स्वच्छता चारदा घेतली. तीनचा आणि सातचा ठसा कार्यालयात कुलपात गेला, तो आता नोंदवहीत सही करून मिळतो. नवं पत्रक भिंतीवर लागलं : श्री. कडुबा आसाराम कचकुरे, प्रमुख, गुणवत्ता हमी. सदर अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली संस्थेतून कोणताही सदोष प्रकल्प बाहेर पडत नाही.

शिवमचं यंत्र घरी कपाटावर आहे. एका दुपारी घरात कुणी नसताना कडुबाने ते खाली काढलं आणि उलटं केलं. तळाचा आकडा कानशीने घासून काढलेला होता. त्याने गुण्या आणला, त्या जागेवर उभा धरला आणि खिडकीकडे केला. उजेड आला नाही. सपाट होतं. मग सुलटं केलं. डावी पट्टी पुन्हा अर्धा सूत आत होती, स्क्रू नीट आवळलेला. ताटलीत मोसंब्या होत्या. त्याने एकेक सोडली, दुसरा हात पाठीमागे धरून.

पाचवी अडकली.